इत्तोच्या पोटात कोणी झोपलं नव्हतं

शुक्रवारची नमाज संपली की आमच्या ऐन सफ्साफ गावच्या कबरस्तानाबाहेर गाड्यांची दाटी व्हायची. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, ताडपत्री लावलेले टेम्पो, खेचरं. डोंगरापलीकडच्या आठ-दहा गावांतून बायका यायच्या. कोणाच्या हातात साखरेचा शंकू, कोणाच्या काखेत पाय बांधलेली कोंबडी. सगळ्या एकाच कबरीकडे जायच्या. ती कबर माझ्या बायकोची होती.

इत्तोला जाऊन तीन महिने झाले होते. मी तिच्या डोक्याशी साधा दगड रोवला होता. त्या दगडावर आता हिरवं कापड चढलं होतं आणि भोवती मेणाचे थर साचले होते. बायका एकेक करून पुढे यायच्या, कबरीला पोट टेकवून पालथ्या पडायच्या आणि उठताना चिमूटभर माती रुमालाच्या टोकात बांधून घ्यायच्या. घरी गेल्यावर ती पाण्यात कालवून प्यायच्या. प्रत्येकीची चिमूट लहानच, पण संध्याकाळपर्यंत कबर वीतभर खचलेली असायची. शनिवारी मी दोन पाट्या माती आणून ती पुन्हा भरायचो.

कबरीच्या डोक्याशी मुलाय शर्की उभा असायचा, गावोगाव फिरणारा फकीर. पांढरा झगा, डोळ्यांत सुरमा, हातात लांब मानेची चांदीची गुलाबदाणी.

"ऐका गं लेकींनो! इथे एक नाही, दोन जीव आहेत! आई गेली, पण मूल गेलं नाही. ते झोपलंय! डॉक्टरांनी सुरी लावली, पोट रिकामं केलं, तरी फिरंग्यांच्या पट्टीवर दोन रेघा! पट्टी काय माझी मावशी लागते, माझ्या बाजूनं बोलायला?"

"नाही, मुलाय!"

"पट्टीला मी कधी जेवू घातलंय?"

"नाही, मुलाय!"

"मग जी पट्टी फिरंग्यांशी खोटं बोलत नाही ती तुमच्याशी का बोलेल?"

मग तो गुलाबदाणी हलवून गर्दीवर नारिंगाच्या फुलांचं पाणी शिंपडायचा. बायका तोंडं वर करायच्या. काही जणी ओठ उघडायच्या.

खरा चमत्कार त्यानंतर. प्रत्येक बाई घरून छोट्या ग्लासात लघवी घेऊन आलेली असायची. मुलाय त्यात गुलाबदाणीतले चार थेंब पाडायचा, काहीतरी पुटपुटायचा आणि औषधाच्या दुकानात मिळते ती दिवस राहिल्याची पट्टी त्यात बुडवायचा. एक रेघ म्हणजे काही नाही, दोन रेघा म्हणजे पोटात आहे. मुलायकडे प्रत्येकीला दोन रेघा यायच्या. साठी उलटलेल्या एका विधवेलाही आल्या. "तुझंही एक आत राहिलंय गं," तो तिला म्हणाला, आणि ती बाई रडत रडत घरी गेली.

त्या शुक्रवारी मला रांगेत झायना दिसली. झायना म्हणजे इत्तोची धाकटी बहीण. शेजारच्या गावात दिलेली, नवरा स्पेनमध्ये बांधकामावर. तो गेल्यावर दोन महिन्यांनी तिचं तीन महिन्यांचं पोट पडलं होतं. ती भिंत धरून उभी होती. ओठ पिठासारखे पांढरे.

"तू इथे काय करतेस?"

"बाकीच्या करतात तेच."

"रक्त थांबलं का तुझं?"

"हळू बोला हो, भावोजी." तिनं मागेपुढे पाहिलं. "थांबेल. मुलाय म्हणतात, मूल कूस बदलतंय म्हणून जातंय."

"पाच आठवडे कूस बदलतंय?"

"तुम्हाला काय जातंय बोलायला! दवाखान्यात गेले आणि आत काही नाही म्हणाले, तर सासू त्याच दिवशी स्पेनला फोन लावेल. ताईला जे म्हणायचे ते मला म्हणतील. आणि त्याला दुसरी बघतील."

"चल, मी नेतो तुला."

तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "ताईला नेलंत, तेव्हा काय झालं?"

माझ्याकडे उत्तर होतं. पण ते फाटकात चार बायकांसमोर बोलण्यासारखं नव्हतं. ती रांगेत पुढे सरकली.

झोपलेल्या मुलाची गोष्ट मुलायनं आणलेली नाही. ती आमच्याकडे पहिल्यापासून आहे. पोटातलं मूल वाढता वाढता झोपी जातं आणि कित्येक वर्षांनी जागं होतं, असं आमच्या आज्या सांगत. नवरा गेल्यावर दोन वर्षांनी बाळंत झालेली बाई या एका शब्दावर वाचलेली आहे. मूल न होणाऱ्या बाईला वांझ न म्हणता 'तिचं झोपलंय' म्हणत. मी या समजुतीला हसत नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी इत्तोचं पोट पडलं, पुन्हा राहीना, आणि माझी आई दुसरी सून शोधायला निघाली. तेव्हा शेजारच्या फद्मा काकीनं इत्तोच्या पोटावर हात ठेवून सगळ्यांना ऐकवलं, "झोपलंय ते. कोणी घाई करू नका." आई गप्प बसली. एकोणीस वर्षं आम्ही त्या एका वाक्याच्या आडोशाला संसार केला. मला ते खरं वाटत नव्हतं. इत्तोला वाटत होतं की नाही, ते तिनं कधी सांगितलं नाही. पण थंडीत झोपताना ती पोटावर एक जादा घोंगडी घ्यायची.

मी गावची भट्टी चालवतो. बायका मळलेले पाव फळीवर मांडून आणतात, मी भाजून देतो. कुठला पाव कोणाच्या घरचा हे मला विचारावं लागत नाही, कारण प्रत्येक घरचं खमीर वेगळं. कालच्या पिठातला एक गोळा राखायचा आणि तो आजच्या पिठात मळायचा. मुलगी सासरी निघाली की आईच्या खमिराचा गोळा तिच्याबरोबर जातो. इत्तो आणि झायना दोघींचा पाव एकसारखा फुगायचा. खमीर त्यांच्या आईचं, तिच्या आईचं.

गेल्या वर्षी, बेचाळीसाव्या वर्षी, इत्तोची पाळी चुकली. फद्मा काकी भट्टीसमोर नाचली. "सांगितलं होतं ना मी! उठलं!" तिसऱ्या महिन्यात पोट पाचव्या महिन्याएवढं दिसू लागलं. उलट्या थांबेनात. मग रक्त जायला लागलं, आणि एका सकाळी त्या रक्तातून पाण्यानं भरलेले बारीक फुगे पडले. द्राक्षांच्या घडासारखे.

शहरातल्या हॉस्पिटलात डॉक्टर नझीहा होत्या. त्यांनी इत्तोचं पोट साफ केलं आणि आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "याला द्राक्षगर्भ म्हणतात. यात मूल नसतं. पण याचा अंश कधी कधी आत राहतो आणि पुन्हा वाढतो, अंगभर पसरतो. म्हणून दर आठवड्याला रक्त तपासायला यायचं. आकडा शून्यावर येईपर्यंत. उतरायचा थांबला तर औषध आहे, आणि औषधानं बरं होतं. फक्त येत राहायचं."

तीन आठवडे गेलो. आकडा उतरत होता. चौथ्या आठवड्यात मुलाय शर्की गावात आला.

त्याला इत्तोची गोष्ट बाजारात कळली असावी. तो आमच्या दारात आला, आशीर्वाद दिला आणि झग्याच्या खिशातून पट्टी काढली. इत्तोनं ती आत नेऊन आपल्याच ग्लासात बुडवली. दोन रेघा. मुलायनं पट्टी डोक्यावर धरून गल्लीत ओरड केली. "डॉक्टरांनी नुसता पडदा काढला! मूल आहे तिथेच आहे!" अर्धा गाव दारात जमला. इत्तो हसत होती. एकोणीस वर्षांत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

"हद्दू," ती म्हणाली, "आता मला तिकडे नेऊ नकोस. पुन्हा सुरी लावतील."

आणि मी नेलं नाही. मुलायनं काही माझी गाडी अडवली नव्हती. मी स्वतः नेलं नाही.

चार महिन्यांनी तिला खोकला लागला. मग खोकल्यातून रक्त यायला लागलं. तेव्हा नेलं. डॉक्टर नझीहांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला. दोन्ही फुप्फुसांत पांढरे गोळे होते, कापसाची बोंडं ठेवल्यासारखे. मेंदूतही पोचलं होतं. औषध सुरू केलं. इत्तो नऊ दिवस जगली.

सातव्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना व्हरांड्यात गाठलं. "एक विचारू? मुलगा होता की मुलगी?"

त्या माझ्या शेजारी बाकावर बसल्या. "तुम्ही काम काय करता?"

"भट्टी आहे. लोकांचे पाव भाजतो."

"मग तुम्हाला समजेल. मूल दोन घरांच्या सामानातून होतं, पण दोन्ही घरं सारखं पाठवत नाहीत. आईचं बीज मोठं, भरलेलं असतं. पीठ, पाणी, खमीर सगळं त्यात. पेशीला ताकद पुरवणारे बारीक कण असतात, ते तुम्हाला, मला, सगळ्यांना फक्त आईकडून मिळालेत. बापाच्या बीजातही थोडे असतात, पण ते आत शिरले की आईचं बीज त्यांना मोडून टाकतं. बापाकडून मुख्य दोन गोष्टी येतात. एक म्हणजे पाव कसा करायचा त्याची अर्धी कृती. दुसरी एक अगदी बारीक कांडी, तिच्या आधारानं ते बीज पहिल्यांदा दोन भागांत फुटतं. उरलेली अर्धी कृती आईची. दोन अर्ध्या जुळल्या की मूल."

"आणि इत्तोचं काय झालं?"

"तिच्या बीजात पीठ होतं, खमीर होतं. तिची अर्धी कृती तेवढी नव्हती. असं का होतं ते कोणालाच नीट ठाऊक नाही. चाळिशीनंतर जास्त होतं. तुमचं बीज आत गेलं, तिथे जोडीला कोणी नव्हतं. मग त्याचीच अर्धी कृती दोनदा लिहिली गेली."

"दोन अर्ध्या झाल्याच की मग."

"दोन्ही बापाच्या. बापाच्या अर्ध्याचा जोर वार वाढवण्यावर असतो, मुलाला पोसते ती वार. आईच्या अर्ध्याशिवाय मूल घडत नाही. म्हणून नुसती वार वाढत गेली, तिचे फुगे झाले. पट्टीवर दोन रेघा उमटतात त्या वारेच्या रसानं. आत मूल आहे की नाही हे पट्टीला कळत नाही. वारेचा अंश फुप्फुसात जाऊन वाढला, तरी पट्टी दोनच रेघा दाखवणार."

"म्हणजे जे वाढलं ते सगळं माझं होतं," मी म्हणालो.

"कृती तुमची. ताकद तिची." मग त्यांनाच ते बोलल्याचं वाईट वाटलं असावं. "हद्दू, यात कोणाचा दोष नाही. तिचा नाही, तुमचा नाही. फक्त उशीर झाला."

उशीर झाला म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

इत्तोला पुरून आलो त्याच आठवड्यात मुलायनं नवी गोष्ट काढली. मूल तिच्याबरोबर मातीत झोपलंय. खरं सांगतो, पहिल्या रात्री मलाही ते बरं वाटलं होतं. तिच्याजवळ कोणीतरी आहे, असं वाटलं. म्हणूनच मी तीन महिने तोंड उघडलं नाही, आणि शनिवारच्या शनिवारी पाटीनं माती वाहिली.

झायनाचे पांढरे ओठ पाहिल्यावर मात्र मी आमच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे गेलो. लल्ला रक्किया. सगळे त्यांना आदरानं लल्ला म्हणतात. अठ्ठावन्न वर्षांच्या, गावातली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मलेली.

"सगळ्यांना दोन रेघा?" त्यांनी विचारलं. "एकीलाही एक नाही?"

"एकीलाही नाही."

"मग ती पट्टी बाईला नाही बघत. दुसरंच काहीतरी बघतेय. झायनाला पुढच्या शुक्रवारी आधी माझ्याकडे आण. कबरीवर जाऊ नको, असं म्हणू नकोस तिला. म्हण, जाताना इथून जा."

झायना आली, ग्लास रुमालाखाली लपवून. लल्ला रक्कियांनी आपल्याजवळची पट्टी त्यात बुडवली. तिघांनी वाट पाहिली. एक रेघ.

"आता हाच ग्लास घेऊन जा त्याच्याकडे," लल्ला रक्किया म्हणाल्या.

मुलायनं चार थेंब पाडले. दोन रेघा. झायनाचा चेहरा उजळला. "बघा! त्यांच्या बरकतीनं जागं झालं!"

"झालं असेल हो," लल्ला रक्किया म्हणाल्या आणि गर्दीतून पुढे गेल्या. त्यांच्या हातात एक स्वच्छ ग्लास होता, गावच्या झऱ्याचं पाणी भरलेला. बायकांनी आदरानं वाट दिली.

"मुलाय, माझ्यावरही शिंपडा थोडं."

मुलाय हसला. "या वयात, लल्ला?"

"साठीच्या विधवेला देता, मला नाही? माझं काय घोडं मारलंय?"

बायका हसल्या. मुलायनं ऐटीत गुलाबदाणी हलवली. लल्ला रक्कियांनी डोकं पुढे केलं नाही, ग्लास पुढे केला. सात-आठ थेंब त्यात पडले. मुलायचा हात हवेतच राहिला.

"हे झऱ्याचं पाणी आहे," त्यांनी ग्लास वर धरला. "आत्ता सगळ्यांसमोर भरून आणलंय. फद्मा काकी, तू पाहिलंस ना?"

"पाहिलं. माझ्याच घागरीतून घेतलं."

लल्ला रक्कियांनी पट्टी बुडवली आणि फद्मा काकीच्या हातात दिली. गर्दी तिच्याभोवती दाटली. काकीचे डोळे कमी झालेत, तिनं पट्टी नाकाशी धरली. मग सावकाश म्हणाली, "दोन आहेत गं."

"अभिनंदन," लल्ला रक्किया म्हणाल्या. "आपल्या झऱ्याला दिवस गेलेत."

कोणीतरी फिसकन हसलं. काकीनं अजून पट्टी नाकाजवळच धरली होती. तिचं तोंड वाकडं झालं. तिनं ग्लास हिसकून घेतला, हुंगला.

"नारिंगाच्या फुलांखाली आणखी काहीतरी आहे. सात पोरांची लंगोटं धुतलीत मी. मला वास शिकवू नका."

"पट्टी एकाच गोष्टीला अशी बोलते," लल्ला रक्किया म्हणाल्या. "गरोदर बाईच्या लघवीला. चार थेंब पुरतात."

सगळ्यांच्या नजरा झाडाखाली गेल्या. तिथे मुलायची धाकटी बायको बसायची, पोट नुकतंच दिसायला लागलेली पोरसवदा बाई. तिनं ओढणीत तोंड लपवलं. "रोज सकाळी मागून नेतात," ती म्हणाली. "कशाला ते मला नाही सांगत."

ज्या बायका ओठ उघडून उभ्या राहायच्या त्यांपैकी दोघी भिंतीकडे धावल्या आणि ओकल्या.

पण मुलाय असा सहज जाणारा नव्हता. त्यानं गुलाबदाणी खाली ठेवली आणि आवाज चढवला. "बरं! म्हणा मला लबाड! गरीब बायकांना आशा दिली, हा गुन्हा! पण इत्तोचं काय? तिच्या घरी गुलाबदाणी नव्हती. तिचा ग्लास तिनं स्वतः भरला. इथे तिचा नवरा उभा आहे. हद्दू, अल्लाला स्मरून सांग. दोन रेघा होत्या की नव्हत्या?"

सगळं कबरस्तान माझ्याकडे वळलं. झायनाही.

"होत्या," मी म्हणालो.

गर्दीतून मोठा उसासा निघाला. कोणीतरी रडत प्रार्थना सुरू केली.

"होत्या, कारण तिच्या पोटात द्राक्षगर्भ होता. फुगे पडले रक्तातून, मी माझ्या हातांनी फडक्यात गोळा केले."

"अरे, बायकांसमोर काय बोलतोस?" मागून एक म्हातारा ओरडला. "लाज आहे का?"

"बोलू दे त्याला!" फद्मा काकी गरजली. "बायकांच्या पोटाचं बायकांसमोर नाही बोलायचं, तर काय मेंढ्यांसमोर बोलायचं?"

मग मी सगळं बोललो. डॉक्टरांनी सांगितलं तसंच, पावाच्या भाषेत. की त्यात इत्तोची अर्धी कृती नव्हतीच, दोन्ही माझ्याच होत्या, म्हणून त्यात मूल कधीच नव्हतं. नुसती वार होती. तिच्या खमिरावर, तिच्या ताकदीवर ती वाढत गेली आणि तिच्या फुप्फुसात पोचली. की त्या दोन रेघा धोक्याच्या होत्या. त्या पाहून त्याच दिवशी गाडीत बसायला हवं होतं. आणि आम्ही मिठाई वाटली.

मुलाय जवळ आला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "हद्दू, लेकरा. तुझंच बाळ आहे रे ते. जग काही म्हणो. बाप होऊन तू नाही म्हणतोस?"

मला वाटतं, त्याच्या सगळ्या थापांमध्ये ही सर्वांत वाईट होती. कारण माझ्या तोंडातून 'नाही' निघेना. माझं फावडं आणि पाटी भिंतीशी ठेवलेली होती, शनिवारसाठी. मी फावडं उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

"खोद."

"काय?"

"आत जिवंत मूल आहे म्हणतोस. तीन महिने तू त्याच्यावर मेणबत्त्या लावतोयस. जिवंत लेकरू मातीत आहे, हे मला खरं वाटत असतं, तर मी ही कबर नखांनी उकरली असती. तुला खरं वाटतं ना? खोद."

"कबर उघडणं पाप आहे!"

"आणि जिवंत मूल पुरून ठेवणं?"

त्यानं फावड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग फावडं हळूच कबरीला टेकवून ठेवलं, जसं काही ते गरम होतं.

मग मी शेवटचं सांगितलं. "आणि तुम्ही पिता ती माती इत्तोच्या कबरीची नाही. ती पहिल्याच महिन्यात संपली. ही माझ्या भट्टीमागची आहे. अर्धी राख आहे तिच्यात."

झायना खाली बसली होती. बसली म्हणजे कोसळलीच होती. ग्लास हातातून सुटून फुटला होता. मी तिच्याजवळ गेलो.

"भावोजी," ती म्हणाली, "मला गाडीपर्यंत धरा."

तिच्या पोटात पडलेल्या गर्भाची वार अडकून राहिली होती, पण ती मेलेली, रस जवळजवळ आटलेली, म्हणून पट्टीवर एकच रेघ आली होती. साधी गोष्ट, रोज शेकडो बायकांना होते. डॉक्टर नझीहांनी ती काढली, दोन बाटल्या रक्त चढवलं. "आणखी आठ दिवस थांबला असतात तर," त्या म्हणाल्या आणि वाक्य सोडून दिलं. पट्टीला न दिसणारा बारीक आकडा रक्तात अजून होता, म्हणून मग झायनाचंही रक्त तपासत राहिल्या, खात्रीसाठी. दर आठवड्याला मी तिला नेत होतो. पाचव्या आठवड्यात आकडा शून्यावर आला. कागदावरचं ते शून्य मी बराच वेळ पाहत बसलो. इत्तोच्या कागदावर ते कधी आलं नाही.

झायनाची सासू अजून तिच्याशी धड बोलत नाही. स्पेनहून काय निरोप येईल ते ठाऊक नाही. मुलाय शर्की त्याच आठवड्यात गेला. कोणी म्हणतं, डोंगरापलीकडच्या बाजारात तो आता दिव्याच्या काजळीवर भविष्य सांगतो. काही बायका अजूनही येतात, फाटकाशी थांबतात आणि मला पाहून परत जातात. त्यांच्यावर मी रागावत नाही. वांझ म्हणवून घेण्यापेक्षा झोपलेलं मूल बरं, हे मला एकोणीस वर्षं माहीत आहे. आपण बाईला वांझ म्हणणं सोडलं, तर तिला झोपलेल्या मुलाची गरजच राहणार नाही. आणि जिला रक्त जातंय, तिच्या पोटावर हात ठेवून काही सांगू नका. तिला गाडीत बसवा. डॉक्टर पुन्हा बोलावतील तेव्हा पुन्हा बसवा. चांगली बातमी घेऊन कोणी दारात आला, तर त्याला विचारा, ही रेघ नक्की कशाची. मी विचारलं नाही.

हिरवं कापड मी काढलं. मेण खरवडलं. शनिवारी सवयीनं पाटी घेऊन जातो. माती जागेवर असते.